चुलीवरचा झरोका

पाचपावलीतल्या नानाजी विणकराच्या घरात सुताचे जेवढे लाड झाले, तेवढे पोटच्या पोरीचेही झाले नाहीत. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मागावरचं सूत ताडताड तुटायचं. म्हणून नानाजी जमीन ओली ठेवायचा, दारं लावून घ्यायचा. चुलीवरचा झरोका तर त्याची बायको भागीरथा नवी नवरी असतानाच त्याने चिंध्या कोंबून, वरून मातीने लिंपून टाकला होता. त्यातून वारा येतो आणि ओल उडते, असं त्याचं म्हणणं.

मग चुलीचा धूर जायचा कुठे? भागीरथाच्या छातीत.

"मले दम लागून राहिला. थोडासा तरी खोला ना तो झरोका."

"आन् सूत तुटलं म्हंजे? खाशीन काय वं, हवा?"

ती तोंडाला पदर लावून भाकरी थापायची. धागा तुटला की अख्खं घर धावायचं. तिला ठसक्यावर ठसके लागले तरी कोणी मागावरून मान वर करत नसे.

पुढे हातमागाचं काम बसलं. माग मोडला, त्याचं लाकूड सरपणात गेलं आणि त्याचाही धूर भागीरथानेच गिळला. आता घरात सूत नव्हतं, तरी झरोका बुजलेलाच. तिने आठवण करून दिली की नानाजी म्हणे, "पाहू वं, काय घाई हाय!" दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, धुराने छाती गेली, आता ती पहिल्यासारखी व्हायची नाही. तरी घाई नव्हतीच.

यंदा वैशाखात लेक-जावई राहायला आले, तेव्हा मात्र नानाजीने समोरच्या खोलीला कूलर लावला. खसचा वास सुटला, पण थोड्याच वेळात सगळी खोली दमट होऊन जावई चिकचिकला. हा रुपराव खापरखेड्याच्या वीजघरात कामाला. त्याने घरभर नजर फिरवली.

"मामाजी, कूलरची हवा आत येऊन राहिली, पन तिले निंघाले वाटच नाही. मांगून काही खोलता येते का?"

"येते ना, जावईबापू!"

नानाजी लगेच स्टुलावर चढला. खुरप्याने मातीचा थर पाडला, चिंध्या ओढल्या. काजळी धरलेलं फडकं भागीरथाच्या पायाशी पडलं. घरातून वाऱ्याचा झोत गेला आणि चुलीचा धूर त्याच्यासोबत सरळ बाहेर निघाला.

हात झटकत नानाजी खाली उतरला. "पाह्य वं, चुटकीचं काम होतं!"

भागीरथा वरच्या उजेडाकडे बघत राहिली. सारा जन्म खोकण्यात गेला आणि काम म्हणे चुटकीचं! तिला रडू आलं नाही, राग आला. पण ओरडायला छातीत दम कुठे होता? तिने फुंकणी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

"आता धूर लागत नाही. जावयाचा चहा तुमीच मांडा."

आणि ती खोकत खोकत अंगणात जाऊन बसली.