फळ्या कुठल्या बाजूनं

"पुन्हा उठलास?" लव्हॉन म्हणाली. "एका पावाला तीन उठाबशा झाल्या. पाव तरी दमला असेल."

कोबी-खिमा भरलेला पाव अर्धा तसाच ताटलीत होता. ऑर्व्हल स्तुपका खिडकीशी उभा राहून मागच्या शेडकडे बघत होता.

"एक बोल्ट सैल वाटतोय."

"पाच महिने तुला तो सैलच वाटतोय. बस खाली. दादा तीन वाजता येणार आहे, आत्ता नाही."

ऑर्व्हल बसला आणि लगेच मिठाची बाटली आणायला उठला. मीठ त्याच्या समोरच होतं.

एके काळी हाच माणूस बसण्याबद्दल प्रसिद्ध होता. नेब्रास्कातल्या त्या गावच्या धान्यकोठारात एक्केचाळीस वर्षं तो वजनकाट्याच्या खोलीत, खिडकीलगतच्या एकाच खुर्चीत बसला. ट्रक आला की भरलेल्याचं वजन लिहायचं, जाताना रिकाम्याचं. शेतकऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस तो विसरे, पण कुणाच्या रिकाम्या ट्रकचं वजन किती भरतं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगे. निवृत्त झाला आणि खुर्ची त्याला चावायला लागली. घरातली सगळी दारं तासून झाली, शेजारणीचीही दोन झाली. मग त्याची नजर सासऱ्यांच्या ट्रकवर गेली.

सत्तेचाळीस सालचा दीड टनी ट्रक मेव्हण्याच्या शेतावर झाडाखाली सडत पडला होता. इंजिन गावातल्या मेकॅनिकनं चालू करून दिलं. मागचा लाकडी हौदा मात्र भुगा होऊन गेला होता. गावाला दीडशे वर्षं होणार होती. शनिवारच्या मिरवणुकीत हा ट्रक जुन्या थाटाच्या हौद्यासकट काढायचा, असं ऑर्व्हलनं ठरवलं. ओकच्या फळ्यांचा तळ, त्यावर लोखंडी पट्ट्या, कडेच्या खोबणींत उभे खुंट आणि खुंटांवर आडव्या फळ्यांचे उचलून काढता येणारे कठडे.

मेव्हणा हार्लन क्रुमविडे अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. जन्मभर डुकरं पाळली. त्याच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं, चिखलात उतरणारी आणि खिडकीतून आकडे लिहिणारी. आपली बहीण दुसऱ्या प्रकारात कशी गेली, याचं नवल त्याला चौपन्न वर्षं पुरलं होतं. या चौपन्न वर्षांत त्यानं ऑर्व्हलला एकही बरा शब्द दिला नव्हता. ऑर्व्हलला तो हवा होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण लव्हॉनला नवऱ्याच्या उठाबशांवरून कळलं होतं.

तीनला पाच कमी असताना हार्लन आला. काठी टेकत त्यानं ट्रकभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. बाहेरून सपाट, हिरव्यागार फळ्या आणि त्यांवर चौसष्ट बोल्टांची गोल डोकी कोटाच्या बटणांसारखी एका रांगेत.

"रंग बाबांचाच आहे," तो म्हणाला.

ऑर्व्हल दोन पावलं पुढं सरकला.

"मला वर चढव."

दोघांनी मिळून त्याला हौद्यात चढवलं. त्यानं काठी बहिणीच्या हातात दिली आणि आतून फळीला खांदा लावून रेटा दिला. फळी कुरकुरली. खुंट आणि फळीच्या मधे बोटभर फट पडली.

"दाजी, डुक्कर कुठून ढकलतं?"

ऑर्व्हलनं फटीत बोट घालून पाहिलं.

"आतून! बाहेर उभं राहून ढकलणारं डुक्कर मी तरी बघितलेलं नाही. फळ्या खुंटांच्या आतल्या बाजूला लागतात. मग डुकरानं रेटलं की फळी खुंटावर बसते. तुमच्या फळ्या नुसत्या बोल्टांना लोंबकळतायत. आणि हे नट आत काढलेत! जनावराचं कातडं सोलायचंय का?"

"जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सगळ्या ट्रकना फळ्या बाहेरूनच असतात. मी नऊ ट्रक बघून आलो. मोजून नऊ."

"प्रदर्शनात त्यात काय भरतात? बायका!"

"मलाही भरणारच होता शनिवारी," लव्हॉन म्हणाली.

"माझ्या बापाचा ट्रक असेल तर मी बसेन," हार्लन उतरता उतरता म्हणाला. "जत्रेच्या गाडीत बसायला मी काय विदूषक आहे?"

तो गेल्यावर ऑर्व्हल बराच वेळ शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. सासऱ्यांचा हा ट्रक शेवटची आठ वर्षं त्याच्याच काट्यावर येत होता. रिकामा पाच हजार दोनशे चाळीस पौंड. आकडा पाठ होता. फळ्या कुठल्या बाजूला होत्या, ते आठवेना. आठ वर्षांत तो एकदाही खुर्चीतून उठून बाहेर गेला नव्हता.

मग त्यानं पाना घेतला आणि पहिला बोल्ट सोडला.

चौसष्ट बोल्ट निघाले. फळ्या आत आल्या, गोल डोकी आत, नट बाहेर. फळ्या आत आल्यामुळे पुढचा कठडा बसेना. त्याच्या फळ्या दोन्ही टोकांना इंचभर कापाव्या लागल्या. पाच थर रंग दिलेल्या ओकवर करवत चालवताना ऑर्व्हलनं तोंड फिरवलं. पाना धरायला लव्हॉन होती. शुक्रवारी चारला शेवटचा नट बसला. जुन्या भोकांभोवतीचे पांढरे डाग तसेच राहिले. रंगाला वेळ नव्हता.

"फोन करू दादाला?"

"नको. येईल तर येईल."

शनिवारी नऊ वाजता, मिरवणूक जिथून निघायची त्या चर्चच्या दारात हार्लन उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. ऑर्व्हलनं ट्रक थांबवला. म्हाताऱ्यानं बाहेरून काही बघितलं नाही. दोघांच्या आधारानं वर चढला, खांदा लावला, रेटला. आवाज आला नाही. त्यानं आतल्या गुळगुळीत बोल्टांवरून तळवा फिरवला आणि पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसकण मारली.

"काय बघताय? चला," तो म्हणाला. "तुमच्यामागे बँड खोळंबलाय."

मिरवणूक संपली तेव्हा कोठाराच्या पटांगणात जेवणाची टेबलं मांडली होती. लव्हॉन हौद्यातून उतरून केबिनच्या खिडकीशी आली. तिच्या हातात बटाट्याच्या सॅलडची ताटली होती.

"दादा झोपलाय. घोरतोय," ती म्हणाली. "उठवू?"

ऑर्व्हलनं आरशात पाहिलं. हार्लनची पाठ, खांदा, डोकं, सगळं फळ्यांवर टेकलेलं होतं. टोपी नाकावर आली होती. समोरच वजनकाट्याची खोली होती, आणि तिच्या खिडकीत नवा कारकून बसलेला होता.

त्यानं इंजिन बंद केलं.

"राहू दे," तो म्हणाला.

लव्हॉननं ताटली त्याच्या मांडीवर दिली. तो तिथंच बसून सावकाश खात राहिला. मीठ कमी होतं. त्यासाठी तो उठला नाही.