मुखावर लाल

टण्.

पिळायला घेतलेला फ्रॉक तिच्या हातात तसाच राहिला. गच्चीवरच्या लोखंडी खांबाला झेंड्याच्या दोरीची कडी लागली होती, एकदाच. मग पुन्हा सगळं चिडीचूप. परवापासून वारा असा पडला होता की घरात वाजायला काही उरलंच नव्हतं. नळसुद्धा गळायचा थांबला होता, की तिलाच ऐकू येईनासं झालं होतं, कोण जाणे. तिने कान टवकारले. फ्रॉकमधलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

टण्. टण्.

म्हणजे वारा फिरला. आणि समुद्राकडून फिरला, म्हणजे मागोमाग लाटा. नदीकडून वारा आला तर दोरी खांबापासून लांब उडते, कडी वाजत नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला पहिल्यांदा शिकवलं गेलं ते हेच. मीठ कुठे आणि साखर कुठे, हे नंतर.

टेबलाखाली बसून ठकी बाहुलीला तिच्या तिच्या भाषेत रागावत होती. तिनेही मान वर केली.

"आई, कडी."

"ऐकली गं."

"आता पांढरा लागणार?"

"आबा ठरवतील."

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे अगदी कडेला हे घर. नदीच्या या मुखाशी पाण्याखाली वाळूचा आडवा बांध होता. ओहोटीला नदी बाहेर पडू बघायची, लाटा आत घुसू बघायच्या, आणि त्या बांधावर दोघींची अशी काही जुंपायची की मधे सापडलेल्या बोटीची काडी काडी व्हायची. म्हणून गच्चीवर खांब होता, आणि खांबाखाली तिचे सासरे. आबा पाणी बघायचे आणि झेंडा लावायचे. पांढरा म्हणजे मुख मोकळं. लाल म्हणजे आतली बोट आत, बाहेरची बाहेर. आबांचा झेंडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यावर कुणी वाद घातलाच तर तो चहा पिताना घालायचा, बोटीत बसून नाही.

आणि तरीही परवाच्या आदल्या संध्याकाळी एकाने तो मोडला. दोन बोटी बाहेर राहिल्या होत्या, वर लाल होता. पहिल्या बोटीतल्या लंबूने देवाचं नाव घेतलं, इंजिन पिळलं आणि लाटेच्या पाठीवरून तो आत घुसला. निम्मी बोट पाण्याने भरली, पण माणूस आत आला. दुसऱ्या बोटीत तिचा नवरा होता, एकटाच. त्याने खाडकन बोट वळवली, गच्चीच्या दिशेने हात वर केला, आणि सकाळच्या पांढऱ्याची वाट बघायला तो खोल पाण्यात निघून गेला. दुसऱ्या कुणाचा झेंडा असता तर कदाचित त्यानेही मोडला असता. बापाचा कसा मोडायचा?

रात्री धुकं उतरलं. सकाळी आबांनी फटफटतानाच पांढरा चढवला. धुक्यातून दिसेल तेवढा समुद्र तव्यासारखा सपाट होता आणि त्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

दोन दिवस सगळ्या बोटी धुक्यात शोधून आल्या. आज सकाळी एका जाणाऱ्या जहाजाने कळवलं होतं, दक्षिणेला खूप आत, निळी ताडपत्री दिसल्यासारखी वाटली. दिसल्यासारखी. निळी ताडपत्री कुणाकडे नसते? पण तेवढ्यावर घर पुन्हा उठून बसलं होतं. मोठ्या बंदराची बोट उद्या निघणार होती. इथे आत्ता ओहोटी, म्हणून वर लाल होता. आज जायचं तर इथल्याच लहान बोटींनी, दुपारच्या भरतीला, आबांनी पांढरा लावला तर.

तिने फ्रॉक दोरीवर टाकला. दाराआड रिकामा कॅन होता, तो पायाने आणखी आत सरकवला. त्या दिवशी पहाटे तिचं नवऱ्याशी काहीतरी बिनसलं होतं, कशावरून ते आता डोकं फोडलं तरी आठवत नव्हतं. "आजचा घरचा अंदाज काय?" त्याने नेहमीसारखं विचारलं होतं. "लाल दिसतोय," असं ठकीला डोळा मारत स्वतःच उत्तरही दिलं होतं. ती हसली नव्हती. पाण्याचे दोन कॅन भरून द्यायची ती रोज. त्या दिवशी एक भरला आणि दाण्‌कन ठेवला.

तिने हात पदराला पुसले आणि हवामान कार्यालयाला फोन लावला. हे काम तिचं होतं. आबांना फोनवरचं नीट ऐकू येत नसे. पलीकडे रोजचाच तरुण आवाज होता.

"मुखाजवळच्या लाटा दुपारपासून वाढतील. दूरच्या वादळाकडून येतायत, दोन लाटांमधलं अंतर मोठं आहे. वारा समुद्राकडून, वाढत जाणारा. लहान बोटींनी बाहेर पडू नये."

"दुपार म्हणजे कधी?"

"भरती पूर्ण व्हायच्या आधीच, ताई."

"संध्याकाळपर्यंत नाही का थांबणार?"

विचारून झाल्यावर तिचं तिलाच कळलं की ती लाटांसाठी रदबदली करत होती, तीही एका नोकरदार पोराकडे.

"नाही ताई. आणि मग पुढचे चार-पाच दिवस असंच राहील."

"बरं."

"ताई, ती तुमच्याकडचीच बोट ना..."

"हो."

"मी फक्त समोर आलेलं वाचून दाखवतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग काही कारण नसताना फोनवरची धूळ पुसली.

गच्चीचा जिना अरुंद होता. त्यावर रोज चढताना ती अंदाज घोकत जायची, शाळेतल्या मुलीने कविता घोकावी तसा. आज चौथ्या-पाचव्या पायरीवर एक शब्द गळला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. तिने त्याला उठवलं नाही.

आबा खुर्चीत नव्हते, कठड्याला टेकून उभे होते. दाढी वाढलेली. त्यांच्या काखेत पांढरा झेंडा घडी केलेला होता, आजारी माणसाच्या उशाशी धुतलेले कपडे ठेवावेत तसा.

"काय म्हणतात?"

"लाटा वाढणारेत."

"कधी?"

"संध्याकाळी," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. या माणसाने तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती, तिच्या माहेरच्यांना ठेवली होती, पण तिने सांगितलेल्या अंदाजावर कधी दुसऱ्यांदा प्रश्न विचारला नव्हता. आजही विचारला नाही.

"संध्याकाळी," ते म्हणाले. "मग होईल. भरतीला बाहेर, आणि उजेड असेतो आत. होईल."

त्यांनी दोरी सोडली. लाल झेंडा कुरकुरत खाली आला.

तेवढ्यात जिन्यावर धबाधब पावलं वाजली आणि लंबू वर आला. उंचीमुळे त्याला कुठल्याही दारात आधी वाकावं लागे, आणि त्या संध्याकाळपासून तो सरळ झालाच नव्हता. अंगात विटक्या नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट होतं. खाली धक्क्यावर त्याच्यामागून यायला आणखी दोघे तयार बसले होते.

"लाल उतरला बघून आलो," तो म्हणाला. "आबा, सांगून ठेवतो, तुमच्या पोराला आत आणला की आधी दोन कानाखाली ठेवून देणार आहे मी. मग तुम्ही काय लाड करायचे ते करा."

"चार दे," आबा म्हणाले.

ती हसली. चार दिवसांनी हसली, आणि ते किती सोपं होतं याची तिला भीती वाटली.

"वहिनी, जरा मागची गाठ मारता का? बंद तुटलाय. घरी सांगितलं असतं, पण तिला हल्ली वाकता येत नाही."

"कितवा लागला?"

"नववा. रोज टोमणा मारते. म्हणते, लाल मोडून आलास म्हणून बाप तरी होतोयस." तो बोलता बोलता थांबला. तिच्यासमोर काय बोलून बसलो, ते त्याला कळलं असावं. "तोंडाला काही फाटकच नाही बघा माझ्या."

"वळा, भाऊजी."

तो वळला. तुटलेल्या बंदाच्या जागी सुतळी ओवलेली होती. तिने ती दोन्ही टोकांनी ओढली आणि तिच्या हातांना कळलं की हा माणूस कापतोय. वरून दिसत नव्हतं. आतल्या आत, तापातलं मूल कापतं तसं, बारीक आणि न थांबता. तिने पहिला वेढा घातला. त्याच्या वाकलेल्या खांद्यावरून समोर मुख दिसत होतं. पाणी हिरवं, जवळजवळ गुळगुळीत. कुणीही फसावं असं. आणि त्याच्याही पलीकडे, अगदी आभाळाला लागून, चादर एका टोकाने ओढली की पडतात तशा लांबलचक सुरकुत्या पडल्या होत्या. एक. मग बरंच काही नाही. मग आणखी एक.

ती बघत राहिली. पहिली सुरकुती घाई न करता जवळ आली, बांधापाशी वर उचलली गेली, आणि मुखाच्या या काठापासून त्या काठापर्यंत सगळं एकदम पांढरं झालं. आवाज नंतर आला. खिडकीची काच खाली थरथरली.

तिच्या हातातली सुतळी सुटली.

"काय हो वहिनी?"

"आबा," ती म्हणाली. "तो दुपारी म्हणाला होता. संध्याकाळी मी म्हटलं."

लंबू तिच्याकडे वळला. आबांची पाठच होती. पांढऱ्याचं एक टोक कडीत अडकलेलं होतं, दुसरं त्यांच्या मुठीत.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"आबा."

"कडी मलाही ऐकू येते. फोन ऐकू येत नाही तेवढा." त्यांनी मूठ सोडली नाही. "तू म्हणालीस, म्हणून मी धरून चाललो. तू सांगितलंस म्हणून लावला, असं म्हणता आलं असतं."

खाली धक्क्यावरून कुणीतरी शीळ घातली. काय करताय, निघायचं की नाही? लंबूने तिकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

"मी जातो," तो म्हणाला. "पांढरा असो नसो. त्या दोघांना राहू द्या, मी एकटा जातो. त्या दिवशी मी..."

"घरी जा, भाऊजी."

"वहिनी, अहो तो तिथे असेल तर? पाणी तरी असेल का त्याच्याकडे?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारायला नको होता. तिने ओठ दाताखाली धरले. तो दारामागचा कॅन या क्षणी घरातली सगळ्यात मोठी वस्तू होता.

"घरी जा," ती पुन्हा म्हणाली. "तिला वाकता येत नाही म्हणालात ना? जा."

तो गेला नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, आणि जॅकेटची चेन खालीवर करत राहिला.

ती आबांपाशी गेली. लग्नानंतर इतक्या वर्षांत पाया पडण्यापलीकडे तिने या माणसाला कधी हात लावला नव्हता. आता तिने त्यांची मूठ आपल्या हातात घेतली. ठकीच्या हातात काही धोक्याचं सापडलं की ती जशी सोडवायची, तशीच सोडवावी लागली. आधी अंगठा, मग एकेक बोट, न ओरबाडता. आबांची बोटं जुन्या दोरखंडासारखी होती आणि मुळीच उघडायला तयार नव्हती. मग एकाएकी उघडली. तिने कडीतलं टोकही सोडवलं, आणि पांढरा झेंडा तिच्या पायाशी पडला.

"पोर माझं आहे गं," ते म्हणाले, इतक्या हळू की जणू तिला ते ठाऊकच नव्हतं.

"हो, आबा."

तिने लाल उचलला. तो किती जड असतो हे तिला माहीत नव्हतं, लांबून नेहमी हलकाच दिसायचा. वरची कडी, खालची कडी. गाठ तिने चुकीची मारली. आबांनी ती सोडवून बरोबर मारून दिली, आणि खुर्चीत जाऊन समुद्राकडे पाठ करून बसले. तसे ते कधी बसत नसत. तिने दोरी ओढली. झेंडा मधे एकदा अडकला, तिने पुन्हा खाली घेतला, पुन्हा ओढला. शेवटच्या हातभर दोरीला वाऱ्यानेच तो वर खेचून घेतला आणि फडकन उघडला.

खाली धक्क्यावरचे दोघे उठून उभे राहिले. थोडा वेळ वर बघत राहिले. मग त्यांतला एक इंजिनावरची ताडपत्री पुन्हा ओढून घेऊ लागला.

मुखात दुसरी लाट फुटली. कडी आता थांबायचं नाव घेत नव्हती.

"आई."

ठकी कधी वर आली ते कुणाला कळलं नव्हतं. लंबूच्या लांब पायांवरून ओलांडून ती गच्चीवर आली होती, काखोटीला बाहुली होती. तिने आधी वर झेंड्याकडे पाहिलं, मग आबांकडे, मग आईच्या हातातल्या दोरीकडे.

"लाल असला की बाबा बाहेरच थांबतो ना?"

"हो."

"पांढरा लागेपर्यंत?"

"हो गं."

ठकीने बाहुली एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"मग तू लाल का लावलास?"