बिनहुंकाराची कहाणी

“अक्का, पायरीवरून ऊठ बरं. यंदा रांग इथूनच जाणार आहे,” बारक्या म्हणाला. बारक्या कसला, साठीला टेकलेला, देवस्थान समितीचा सेक्रेटरी! पण अक्काचा तो धाकटा भाऊ, तिच्या लेखी बारक्याच.

“मग मी कहाणी कुठं बसून सांगू?”

तेवढ्यात खांबावरचा कर्णा खरखरला आणि चक्क अक्काच्याच आवाजात बोलू लागला, “ऐका हो बायांनो, देवी भावाच्या दारी पाहुणी आली...”

उत्सवात पायरीवर बसून ही कहाणी सांगायचं काम आईनंतर अक्काकडे आलं होतं. कहाणीत भावानं दार लावून घेतलं, देवी रुसली, आणि तडक या टेकडीवर येऊन बसली. सांगताना ऐकणाऱ्यांनी वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हुंकाराशिवाय सांगितलेली कहाणी देवीला पोचत नाही, असं आई बजावायची. एरवी अक्काला घरात सूनसुद्धा विचारायची नाही, पण उत्सवात तिची ऐट बघावी! बायका देवीच्या आधी तिच्या पाया पडायच्या.

उन्हाळ्यात बारक्या तीन-चार दुपारी तिच्या घरी आला होता. “अक्का, लहानपणी सांगायचीस तशी कहाणी सांग ना.” एरवी वाट वाकडी करून न येणारा भाऊ मांडी घालून समोर बसला, अक्का हरखून गेली. एकच गोष्ट खटकली. तो हुंकार देईना.

“मूग गिळून काय बसलायस? हूं म्हण की!”

तो नुसता मान डोलवायचा. गुडघ्याशी त्याचा फोन पालथा पडलेला असायचा.

आता कर्णा ऐकताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज यायला नको होता.

“मला वाटलं, तू माझ्यासाठी येतोयस,” ती म्हणाली.

“तुझ्यासाठीच गं! किती वर्षं घसा कोरडा करणार? आता बस निवांत.”

“मला विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

परक्यानं उठवलं असतं तर अक्कानं देऊळ डोक्यावर घेतलं असतं. पण हा तिनं कडेवर घेऊन वाढवलेला, आणि त्यानंच केसानं गळा कापला होता. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. रांग पुढे सरकली. कर्णा बोलत होता, हूं कुणीच म्हणत नव्हतं. लोकांना घाई होती.

उत्सव आटोपल्यावर एका दुपारी बारक्या पुन्हा आला, मांडी घालून बसला.

“अक्का, ती दुसरी कहाणी गं, देवी भावाला माफ करते आणि त्याच्या घरी जाते ती. तेवढी एकदा सांग ना.”

ती कहाणी आता अक्काशिवाय कुणालाच येत नव्हती. तिनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

“ती मला नाही रे येत,” ती म्हणाली, आणि आत निघून गेली.