निळी बाटली, पिवळा दिवा

टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्या रविवारी इतक्या जुन्या डिझेल गाड्या उभ्या होत्या, की परक्याला तो भंगाराचा लिलाव वाटला असता. मालकांचे चेहरे मात्र प्रसन्न होते, कारण समोर धूरवैद्य उभा होता. हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवलं होतं; त्याने ते पाटीवर रंगवून घेतलं.

“गाडी लोखंडाची असते हा तुमचा गैरसमज,” हातातली निळी बाटली उन्हात धरत तो सांगत होता. “गाडी चालवणाऱ्याच्या मनाची असते. मनात काजळी, तर गाडीत काजळी.”

माना हलल्या. गाड्यांना मन असतं हे पटायला लोकांना वेळ लागत नाही. शेजाऱ्याला असतं हे पटायलाच लागतो.

दुखणं सगळ्यांचं एकच. धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती तुंबू लागली की चालवणाऱ्यासमोर पिवळा दिवा लागतो. धूरवैद्य डिझेलच्या टाकीत बाटली ओतायचा आणि व्रत सांगायचा: लगेच मोठ्या रस्त्याला लागा, गिअर खालचा ठेवा, इंजिन चढ्या आवाजात राहू द्या, वाटेत थांबू नका, बोलू नका, पुलापर्यंत जाऊन या. माणसं जात, आणि परत येईपर्यंत दिवा विझलेला असे. हे मी स्वतः पाहिलं. या वयात चमत्कार बघून आश्चर्य वाटत नाही, फक्त बसायला खुर्ची लागते.

माझ्या थोरल्या बहिणीचा दिवा मात्र विझेना. ताईची गाडी त्या रांगेतही म्हातारी. त्याच गाडीतून ती भावजींना डायलिसिसला नेते. तिने बाटली ओतली, व्रत केलं. भावजी मागच्या सीटवर पुलापर्यंत आणि परत गप्प बसून राहिले, आणि माझ्या मते त्या आठवड्यातला खरा चमत्कार तेवढाच. दिवा होता तसाच. धूरवैद्याने आणखी एक बाटली दिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, औषध चोख आहे. तुमच्या मनात काय आहे ते बघा.”

पुढच्याच फेरीला हॉस्पिटलच्या चढावर गाडीचा दम गेला. मागून हॉर्न वाजत होते आणि गाडी पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने सरकत होती. पोचेपर्यंत भावजींचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलं होतं. संध्याकाळी नंबर लागला तोवर त्यांना धाप लागली होती.

मी भेटायला गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात नुसती उभी होती. गॅस बंद होता.

“त्याला कसं कळलं रे?” तिने विचारलं.

“काय कळलं?”

“मला कंटाळा येतो ते. ह्यांना न्यायचा, आणायचा. कधी कधी वाटतं, पुरे झालं आता.”

जन्मभर लोकांची टिंगल करून पोट भरलं, पण त्या वेळी मी नुसतं चहाचं आधण ठेवलं. तिची मुलगी दारात उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने सगळं ऐकलं होतं.

रविवारी ती मला घेऊन टायरच्या दुकानामागे गेली. रांगेत पहिला होता बाजारात चष्म्याचं दुकान असलेला चष्मेवाला. “काका,” ती त्याला म्हणाली, “आज बाटली न ओतता नुसतंच व्रत करून या. दिवा राहिला तर बाटली माझ्याकडून.” फुकटच्या गोष्टीला नाही म्हणणं चष्मेवाल्याच्या स्वभावात नाही. तो गेला आणि परत आला. काचेतून आत डोकावायला झुंबड उडाली. दिवा विझला होता.

धूरवैद्य क्षणभरच अडखळला. “औषधाचा प्रभाव आजूबाजूलाही पडतो,” तो म्हणाला.

“मग माझ्या आईच्या गाडीवर का पडला नाही? ती तर दोन बाटल्या पिऊन बसलीय.”

कोणीतरी हसलं. मग तिने फळ्यापुढे बोलावं तसं सांगितलं. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीची गाळणी तापत नाही, म्हणून काजळी साठते. मोठ्या रस्त्यावर इंजिन चढ्या आवाजात चाललं, की गाळणी तापते आणि काजळी जळून जाते. गुण सगळा त्या फेरीचा. पण आईच्या गाडीसारख्या काही जुन्या गाड्यांत काजळी कमी उष्णतेला जळावी म्हणून एक वेगळं रसायन लागतं. त्याची मागे निराळी छोटी टाकी असते, आणि गाडी स्वतःच ते डिझेलमध्ये थेंबाथेंबाने मिसळते. “काल वर्कशॉपमध्ये बघून घेतलं. ती टाकी कोरडी आहे. पुलापर्यंत काय, जगाच्या टोकापर्यंत गेलो असतो तरी गाळणी साफ झाली नसती.”

“आणि बाटलीत काय आहे?” चष्मेवाल्याने विचारलं.

“डिझेल,” धूरवैद्य खांदे पाडून म्हणाला. “थोडा रंग. रंगाशिवाय कोणी घेत नाही हो.”

त्याच्या आयुष्यातलं हे बहुधा सर्वांत खरं वाक्य. ते ऐकूनही दोघांनी बाटली घेतलीच, असू द्यावी म्हणून. मी खुर्ची शोधली.

ताईच्या गाडीतली ती छोटी टाकी भरली, तुंबलेली गाळणी साफ झाली, दिवा गेला. भावजी वेळेवर मशीनला लागले. बाहेरच्या बाकावर मी ताईला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे माझ्या मनाचा काही संबंध नव्हता?”

“काडीचाही नव्हता.”

तिने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

मंडळी, रंगीत डिझेल विकणाऱ्याचा मला फार राग येत नाही. असले रंग जगात पुष्कळ आहेत. पण इलाज चालला नाही की जो तुमच्या मनाकडे बोट दाखवतो, त्याच्यापुढून उठा. दिवा का लागला ते विचारा, बाटलीशिवाय एकदा करून बघा, आणि न कळलं तर कळणाऱ्याकडे जा. दमलेल्या माणसाला कंटाळा येतो. त्याने गाडी बंद पडत नाही.