मोजणाऱ्याचं वजन

तिनं एंटर दाबलं आणि खुर्चीच्या पाठीला न टेकता आकड्यांची वाट पाहिली. आकडे आले. मघाच्यापेक्षा वेगळे होते, आणि त्याच्या आधीच्यापेक्षाही वेगळे.

"डोक्याला ताप नुसता," ती पडद्याकडे बघत पुटपुटली.

तोच प्रोग्रॅम, तीच चित्रं, तेच मशीन. तरी दर खेपेला प्रोसेसर नवीनच काहीतरी सांगत होता. एकदा म्हणे, मला मेमरीची वाट बघत बसावं लागतं. पुढच्या खेपेला म्हणे, छे, मेमरीचं काही नाही, पुढच्या पायरीचे माझेच अंदाज चुकतायत. दर तारखेला जबाब फिरवणाऱ्या साक्षीदारासारखं चाललं होतं सगळं. यातलं काय खरं धरायचं आणि चार वाजता साहेबांसमोर काय ठेवायचं, तिला कळेना.

कामात कमी पडणाऱ्याला लगेच कापायचे म्हणून साहेबांना त्यांच्या पाठीमागे सगळे कात्री म्हणायचे. सकाळी ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते.

"तुमच्या दिरानं बदल केला आणि प्रोग्रॅम मंदावला, एवढं मला दिसतंय. का मंदावला, ते तुम्ही मोजून सांगा. त्याला कायम करायचं की नाही, ते मी आज ठरवणार आहे."

"माझ्याकडूनच का मोजून घेताय?"

"तुम्ही आणलंत म्हणून."

खरंच होतं ते. तिनंच शब्द टाकला होता. दोन नोकऱ्या सोडून घरी बसलेल्या दिरासाठी तिनं याच साहेबांपुढे मान तुकवली होती. मुलगा हुशार आहे, एक संधी द्या, म्हणाली होती. आणि आता स्कॅनचे तुकडे जुळवून डॉक्टरांना अखंड चित्र दाखवणारा, ऑफिसच्या सामायिक मशीनवर चालणारा त्यांचा प्रोग्रॅम दुप्पट वेळ घेत होता. रुग्णालयांतून रोज फोन यायचे. बदल मागे घ्यावा म्हटलं तर तेही सोपं नव्हतं, कारण नव्या पद्धतीनं साठवलेली चित्रं जुन्या प्रोग्रॅमला उघडताच येत नव्हती.

दीर तीन टेबलं सोडून पाठमोरा बसला होता. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. तिनं हाक मारली तसा तो खुर्ची सरकवतच आला.

"परत एकदा सांग, नक्की काय बदललंस?"

"सांगितलं ना वहिनी. जुळवायच्या आधी तुकडे क्रमानं लावून घेतो, बस. त्यानं काम वाढत नाही, कमी होतं."

"मग हे काय आहे?"

"माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतं."

पलीकडच्या टेबलावरचा टेस्टर फिस्सकन हसला. हे वाक्य या खोलीत प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलं होतं आणि प्रत्येकाला त्यावरून बोलणी बसली होती.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला. "डॉक्टर काय तुझ्या मशीनवर येऊन बसणार आहेत? साहेब तिकडे कागद घेऊन बसलेत. तुला त्याचं काही वाटतं का? दोन ठिकाणी हेच केलंस. अर्धवट करायचं आणि सोडून द्यायचं."

धाकट्यानं मान खाली घातली. टेबलावरची पेन्सिल उचलली, परत जागेवर ठेवली.

"यावेळी अर्धवट नाही केलेलं," तो म्हणाला आणि खुर्ची सरकवत परत गेला.

तिला स्वतःचाच राग आला, आणि तो तिनं कीबोर्डवर काढला. हा मुलगा चिडत का नाही? खापर डोक्यावर फुटतंय तरी ढिम्म बसलाय. आपण त्याच्या जागी असतो तर एव्हाना अख्खी खोली डोक्यावर घेतली असती.

तिनं डोळे मिटून घेतले, उघडले आणि आपण काय मागतोय ते पुन्हा नीट वाचलं. प्रोसेसरच्या पोटात मोजायला जेमतेम सहा काउंटर होते आणि तिनं मागितल्या होत्या डझनभर गोष्टी. एवढ्या गोष्टी मागितल्या की सिस्टिम पाळीपाळीनं मोजते, थोडं हे, थोडं ते, आणि न मोजलेल्या वेळाचा आकडा अंदाजानं फुगवून देते. म्हणजे इतका वेळ ती अंदाजांशी भांडत होती. पहिल्या वर्षाच्या पोरानंही करू नये अशी चूक. घाईत केली.

तिनं यादी कापली. तीनच गोष्टी ठेवल्या. सहा काउंटर, तीन गोष्टी, आता पाळी लावायचं कारणच नव्हतं. प्रत्येक आकड्यापुढे, पूर्ण वेळ मोजल्याची खूण म्हणून, शंभर टक्के यायला हवे होते.

आले साठ.

तिनं परत चालवलं. पुन्हा साठच्या आसपास. म्हणजे काउंटर मोकळे नव्हते. दुसरंच कुणीतरी त्यांच्यावर बसलं होतं आणि हिला उरलेल्या वेळात मोजू देत होतं. आता घोडं कुठं पेंड खातंय ते बघू, असं म्हणत तिनं मशीनवर चालू असलेल्या सगळ्या कामांची यादी काढली. वरून चौथ्या ओळीत एक मोजणी चालू होती. सगळ्या प्रोसेसरांवर, सेकंदाला हजारो वेळा कामाला मधेच थांबवून, आत्ता काय करतोयस, हे तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, असं विचारणारी आणि ते सगळं लिहून ठेवणारी. तिच्यापुढे ती कुणी सुरू केली त्याचं नाव होतं.

नाव तिचंच होतं.

काखेत कळसा म्हणतात तो हा. तिचे हात कीबोर्डवरून खाली आले.

धाकट्याचा बदल मशीनवर चढला त्याच संध्याकाळची गोष्ट. घरी नवरा भांडी विसळत होता, ती पुसून ठेवत होती, आणि तो तिच्याकडे न बघता म्हणाला होता, "जरा लक्ष ठेव त्याच्यावर. तिसऱ्यांदा नाक कापून घ्यायचं नाही मला." बाप गेल्यावर त्यानंच धाकट्याला वाढवलं होतं. तिनं हो म्हटलं, आणि ताट पुसून झाल्यावर लॅपटॉप उघडून धाकट्याच्या प्रोग्रॅमवर या मोजणीचा पहारा बसवला. एक दिवस बघू, मग काढू. लॉगआउट केलं तरी चालू राहील असा बसवला. दुसऱ्या दिवशी मुलीला ताप भरला, तिनं रजा घेतली आणि पहारा डोक्यातून साफ गेला. तो मात्र चालूच राहिला. प्रोग्रॅम मंदावला होता तो धाकट्याच्या बदलानं नव्हे.

तिनं मोजणी बंद केली आणि प्रोग्रॅम चालवला. चित्र झटकन जुळलं. जुन्यापेक्षाही लवकर. मुलगा खरं बोलत होता, काम कमीच झालं होतं.

कुणाला काही सांगायची गरज नव्हती. "सापडलं, दुरुस्त केलं" एवढं म्हटलं तरी साहेब खूश झाले असते आणि उलट हिचेच आभार मानले असते. तिला ते फार सोपं वाटलं, आणि त्या सोपेपणाचीच किळस आली. चार वाजायची वाट न बघता ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"त्याच्या कामात काही दोष नाही. मी मशीनवर एक मोजणी चालू करून ठेवली होती, ती काढायची राहिली. तिच्यामुळे सगळं मंदावलं होतं. आता बघा चालवून."

साहेबांनी चालवून बघितलं. चष्मा काढला.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझीही नव्हती."

"इतके दिवस त्या पोराला बोलणी बसली."

"हो."

साहेबांनी कागद पुढे ओढला, धाकट्याचं नाव शोधलं आणि सही केली. मग तो बाजूला सारून पुढचा कागद उघडला. त्यापेक्षा ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

धाकटा जिन्याजवळच्या कॉफीच्या मशीनपाशी उभा होता. तिनं एका दमात सांगून टाकलं. कायम झालास, आणि मंदावलं होतं ते माझ्यामुळे. मी तुझ्या प्रोग्रॅमवर मोजणी लावून ठेवली होती. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर नवल मात्र कुठं दिसेना.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मशीनवर काय चालू आहे ते कुणालाही बघता येतं, वहिनी. तुमचं नाव होतं समोर."

"कधी बघितलंस?"

"पहिल्याच आठवड्यात."

"आणि तोंड शिवून बसलास? अरे, नोकरी जात होती तुझी. मी सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले तुला. एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं."

"मग?"

त्यानं कागदी कपाची कड दातांनी दुमडली. जिन्यावरून दोघं बोलत वर आले, ते पुढे जाईपर्यंत तो थांबला.

"तुम्ही आपणहून लावलंत, की कुणी सांगितलं होतं?"

त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. कपाकडे होते. साहेबांबद्दल तो विचारत नाहीये, हे तिला त्या क्षणी कळलं. साहेबांनी सांगितलं असतं तर त्याला काय फरक पडणार होता?

"मला कोण सांगणार?" ती म्हणाली. "मलाच भरवसा नव्हता तुझा. म्हणून लावली."

आता तो चिडेल, असं तिला वाटलं. चिडावं, असंही वाटलं. पण धाकट्याचे खांदे सैल पडले, आणि कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, दादानं सांगितलं असेल."

"त्याला यातलं काय कळतंय," ती म्हणाली.