व्हर्नाच्या ड्रायरमधला चेहरा

व्हर्नाच्या घरासमोर बर्फात रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या काखेत एक ओला अभ्रा होता. खाण बंद झाल्यापासून पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या गावात एवढी मोठी रांग कुणी पाहिली नव्हती. व्हर्नाच्या कपडे वाळवायच्या यंत्रातून, म्हणजे ड्रायरमधून, निघालेल्या उशीच्या अभ्र्यावर प्रभूचा चेहरा उमटला होता. तपकिरी, दाढीवाला, डोळे खोल गेलेला.

पहिला अभ्रा तिच्या मुलीचा, कॉरीनचा. पायांतली शक्ती गेल्यापासून कॉरीन वरच्या मजल्यावर, बरोबर ड्रायरच्या डोक्यावरच्या खोलीत पडून असे. कुणी उचलून नेल्याशिवाय तिला जिना उतरता येत नसे. पोरगी चालणार, असा त्या चेहऱ्याचा अर्थ गावातले उपदेशक ब्रदर ओडेल यांनी लावला. ब्रदर पूर्वी जुन्या मोटारी विकत, त्यामुळे 'चालेल' असं छातीठोक सांगायचा त्यांना सराव होता.

"बायबलात जो देव जळत्या झुडपातून बोलला, त्याला ड्रायर काय जड आहे?" ते विचारत आणि रांग मान हलवी. ते झुडूप जळूनही शाबूत राहिलं, ड्रायरबद्दल कंपनीने तसं काही लिहून दिलेलं नाही, असं मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही. मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे मला त्याची सवय आहे.

घरभर करपल्याचा वास होता. ब्रदर त्याला ऊद म्हणत आणि लोक डोळे मिटून तो छातीत भरून घेत. छतावरचा धुराचा अलार्म मात्र प्रार्थना रंगात आली की किंचाळायचा. सैतानाला हे सहन होत नाही, असं ब्रदरनी जाहीर केलं, खुर्चीवर चढून बॅटरी काढली आणि खिशात टाकली. सैतान गप्प झाला. मला त्या शांततेचीच भीती वाटली.

मग एके दिवशी ड्रायर बंद पडला. बायका रडू लागल्या. ब्रदर एकटेच आत गेले, दार लावून घेतलं, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने प्रार्थना केली, आणि मेलेलं यंत्र पुन्हा घरघरू लागलं. त्यानंतर शेजारच्या गावांतूनही अभ्रे यायला लागले.

मी कॉरीनला भेटायला वर गेलो.

"मिस्टर लॉईड, बूट काढा आणि पाय जमिनीवर ठेवा," ती म्हणाली.

बाहेर बर्फ होतं आणि पायाखालची फळी कोमट होती.

"आता ही काच बघा. ड्रायरची वाफ या खिडकीखालच्या भोकातून बाहेर पडते. दर हिवाळ्यात काच धुकटते, मी तिच्यावर बोटाने चित्रं काढते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून काच कोरडी आहे. खाली दिवसभर ओले अभ्रे वाळतायत. मग वाफ जाते कुठे?"

मी वाकून फळीला तळहात लावला.

"आई म्हणते मी चालणार. चालले तर चांगलंच आहे. पण आग लागली तर पळावं लागेल हो."

मी खाली येऊन ड्रायरचा प्लग भिंतीतून उपटला. पोरगी बरी झाली नाही तर त्याचं पाप या लॉईडच्या माथी, असं ब्रदरनी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. व्हर्ना माझ्या आणि यंत्राच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"लॉईड, माझ्या मुलीचा प्रश्न आहे."

"मला तिनेच पाठवलंय. वर जा, जमिनीला हात लावून ये."

व्हर्ना गेली. परत आली तेव्हा तिने मला स्क्रू काढायचं हत्यार आणून दिलं.

वाफ बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं होतं आणि त्यामागे कपड्यांची झडलेली लव ठासून भरली होती. ती जागोजागी काळी पडली होती. हवा कोंडून यंत्र फार तापलं, की घर जळू नये म्हणून एक छोटा फ्यूज स्वतः जळून यंत्र बंद करतो. तो जळाला होता. यंत्राचा मृत्यू तो एवढाच. आणि वीज त्या फ्यूजला वगळून जावी म्हणून त्याच्या दोन टोकांना तांब्याची तार पिळून बसवली होती. ते पुनरुत्थान.

"ब्रदर," मी विचारलं, "प्रार्थनेला पक्कड लागते का?"

राहता राहिला चेहरा. फिरत्या पिंपाच्या कडेची लोकरी पट्टी झिजून फट पडली होती. अभ्रा तिच्यात दुमडून अडकायचा आणि तापल्या पत्र्याला घासून करपायचा. घडी उलगडली की दोन्हीकडे सारखाच डाग. मी नळीतली काजळी बोटावर घेतली, रुमालाच्या घडीत फासली, दाबली आणि रुमाल उलगडला. दोन डोळे, नाक, दाढी. पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने क्रूसाची खूण करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

व्हर्नाने ब्रदरपुढे तळहात धरला. "बॅटरी."

त्यांनी ती दिली. खुर्चीवर ती स्वतः चढली. बॅटरी बसताच अलार्म एकदा किंचाळला, आणि या वेळी कुणी सैतानाचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नळी साफ करून नवी पट्टी आणि नवा फ्यूज बसवला, ड्रायर सुरू केला. थोड्या वेळाने वरून हाक आली, "आई, काच धुकटली." कॉरीनने तिच्यावर बोटाने दाढीवाला चेहरा काढला होता. हा कुणी काढला, याबद्दल मात्र गावात वाद झाला नाही.

ब्रदर सध्या दुसऱ्या गावी असतात. तिथे कुणाचा तरी फ्रीज रडतो म्हणे. कॉरीन अजून चालत नाही. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर खुशाल करा. पण घरात करपल्याचा वास आला तर डोळे मिटू नका, उघडा, आणि जे यंत्र तुमचा जीव वाचवायला ओरडतंय त्याचं तोंड बंद करायला कुणी खुर्चीवर चढला, तर आधी ती खुर्ची काढून घ्या.