वेशीवरचा बांबू

मे २०२०, सकाळी सव्वासहा. मंद्रूपच्या पुढच्या एका गावात, वेशीवरच्या नाक्यावर, बावीस वर्षांच्या गुरूने स्वतःच्या आईला अडवले.

गुरम्मा भाजीच्या टेम्पोतून सोलापूरहून परतली होती. तोंडाला पदर, हातात औषधाची पिशवी. गुरूने रस्त्यावरचा आडवा बांबू उचलला नाही.

"आरं, मी हाय की. तुजी अव्वा."

"अव्वा न्हाय तू," तो शांतपणे म्हणाला. "अव्वाचं लुगडं नेसून आलीस."

नाक्यावरची पोरे फिदीफिदी हसली. गावच्या करोना समितीचे उदयसिंहही हसले. "बघा, आईलाबी सोडत न्हाय गडी! मावशी, नियम म्हंजे नियम. सोलापूरचं माणूस चौदा दिवस शाळेत."

गुरूचा बाप मल्लप्पा पंचायतीत शिपाई. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन तो बाजूलाच उभा होता. तो हसला नाही. त्याच्या हातातली नळी नुसती गळत राहिली.

हिवाळ्यात गुरू आयटीआय सोडून घरी आला होता. भिंतीपलीकडची माणसे आपल्याबद्दल बोलतात, असे सांगू लागला. सोलापुरात डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. म्हणाल्या, "लवकर आणलंत ते बरं झालं. आता एकही दिवस चुकवू नका." महिन्याभरात तो झोपू लागला. मग सगळे बंद झाले, दवाखान्याचा तो मजला करोनाला गेला, गोळ्या संपल्या. बाई फोनवर भेटल्या, पण ती गोळी गावच्या मेडिकलात नव्हती. पोराचे मन रमेल म्हणून मल्लप्पानेच त्याला नाक्यावर उभे केले. गुरू झोपेना, कुणाच्या हातचे पाणी पिईना, ज्याच्या त्याच्याशी लांबूनच बोले. गावाने कौतुक केले. सगळे गावच भेदरलेले. त्यात गुरूचे भेदरणे वेगळे दिसले नाही. मल्लप्पालाही नाही. गुरम्माला दिसले, म्हणून ती गोळ्या आणायला सोलापूरला गेली.

"चेष्टा न्हाय ती," मल्लप्पा म्हणाला. "त्याला खरंच वळखू यीना."

"काय बोलतूयास?" उदयसिंहांनी विचारले.

"आजारी हाय पोरगं. डोक्यानं. आमी लपवलं."

हसणे थांबले. ज्याच्या जिवावर काल रात्री गाव झोपले होते, त्याच्यापासून पोरे मागे सरली. उदयसिंहांनी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. पलीकडून विचारले, करोनाचा पेशंट आहे का. नाही म्हटल्यावर थांबायला सांगितले.

पिशवी मल्लप्पाकडे देऊन गुरम्मा शाळेत गेली. वाद घातला नाही. गुरूने पिशवीला हात लावला नाही. "त्या बाईनं आणलेलं मी खात न्हाय."

संध्याकाळी तो आपणहून शाळेच्या कुंपणाशी आला. चेहरा दिसावा म्हणून गुरम्मा पदर काढून खिडकीत बसली होती.

"आमच्या अव्वाला कुटं ठेवलंय?" त्याने विचारले.

मागोमाग आलेला मल्लप्पा बोलायला गेला. गुरम्माने त्याला हातानेच थांबवले.

"बरी हाय बाबा ती," ती परक्या बाईसारखी म्हणाली. "लांब हाय जरा. मला सांगून गेलीया, पोराला भाकरीवर एक गोळी द्या म्हनून."

"आनि काय म्हनली?"

"लई काळजी करतीया तुजी."

गुरूने हात पुढे केला. मल्लप्पाने गोळी तळव्यावर ठेवली. मूठ मिटून तो नाक्याकडे गेला.

सात वाजता मल्लप्पा भाकरी घेऊन तिथे पोहोचला. बांबू खालीच होता. गुरू रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मूठ अजून मिटलेली होती.